कान देऊन : सीडी सरस की डाउनलोड?

गेल्या अंकात ऐकायच्या पुस्तकांविषयी पत्रं मागवली होती. ‘कोणतं पुस्तक ऐकू?’ असं विचारणारी पत्रं येतील असा अंदाज होता. आली ती बहुतेक आवाजाची गाऱ्हाणी घेऊन. दुसऱ्यांनी वाचलेलं साफसूफ करणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. श्वास कमी करायचे, ओठांचे टिचके काढायचे, पंख्याची घरघर घालवायची. म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. काहींनी नाव छापू नका असं कळवलंय, तेव्हा कुणाचंच देत नाही.

प्रश्न : माझ्याकडे एका कादंबरीच्या अभिवाचनाचा नऊ सीडींचा संच आहे. दिवाणखान्यातल्या प्लेअरवर, त्याच्या दोन स्पीकरांवर मी तो अनेकदा ऐकलाय. मुलाने आता तेच पुस्तक, त्याच वाचकाच्या आवाजातलं, फोनवर उतरवून दिलं. मला ते सपाट वाटतं. मुलगा म्हणतो, तुझ्या मनाचे खेळ आहेत. खरं काय? — निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, मनाचे खेळ मुळीच नाहीत. पण तुमचा राग भलत्याच माणसावर निघतोय असं मला वाटतं.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. सीडी तुम्ही दोन चांगल्या स्पीकरांवर ऐकता आणि डाउनलोड फोनच्याच स्पीकरवर. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण शंभर-दीडशे हर्ट्झच्या आसपास असतो, आणि फोनचा चिमुकला स्पीकर तिथवर पोचतच नाही. मग त्या वाचकाच्या आवाजातला खर्ज गेला याचा दोष फाइलला कसा द्यायचा? मुलाला सांगा, फोन वायरने त्याच प्लेअरला जोड. आता दोन्ही आवाज एकाच पातळीवर आणायचे. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. जरा मोठ्याने वाजलेलं आपल्या कानाला नेहमीच चांगलं वाटतं. एखाद्या डेसिबलचा फरक असला तर तो ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘भरदार’ म्हणून जाणवतो. त्यानंतर एकच परिच्छेद निवडा, ज्यात कुजबूजही आहे आणि भांडणही. तुम्ही पाठ फिरवून बसा आणि कधी काय लावलंय ते मुलाने सांगायचं नाही.

आता आकडे. ऑडिओ सीडी बाजारात आली १९८२ साली, सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून ठरवलेल्या मापांवर. प्रत्येक कानासाठी सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. दोन्ही कान मिळून सेकंदाला १४११ किलोबिट होतात, म्हणजे तासाला सुमारे ६३५ एमबी. सेकंदाला ६४ किलोबिटच्या डाउनलोडला तासाला २९ एमबीसुद्धा लागत नाहीत. बावीस पटींचा फरक! हे ऐकून कुणालाही वाटेल की पुस्तकाचा चोथा तेवढा आपल्या हाती दिला.

तसं होत नाही, कारण सीडी ही गाण्यासाठी बेतलेली वस्तू आहे आणि तिच्यावर एकट्या माणसाचं वाचन ठेवलं की बरीच जागा फुकट जाते. वाचक एकच, त्याच्यापुढे माईक एकच. तरी सीडीवर डाव्या आणि उजव्या कानासाठी तोच आवाज दोनदा लिहिलेला असतो. डाउनलोड मोनो, म्हणजे दोन्ही कानांना मिळून एकच आवाज लिहिलेलं, असेल तर निम्मा बोजा तिथेच उतरतो, आणि कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही. वाचक दोन वाक्यांमध्ये थांबतो, त्या शांततेलाही सीडीवर किंचाळीइतकीच जागा लागते. शिवाय सीडी वीस हजार हर्ट्झपर्यंत जाते; बोलण्याचा बहुतेक ऐवज आठ हजारांच्या आत संपतो. जुना टेलिफोन तर ३०० ते ३४०० एवढ्यावरच चालायचा, तरी पलीकडे आत्या आहे की मावशी हे आपल्याला कळत होतंच की. उरलेली काटछाट कानाच्या स्वभावावर चालते. एका जोरकस स्वराशेजारचा बारीक स्वर कानाला ऐकूच येत नाही, तेव्हा एमपीथ्री किंवा एएसी ही आवाज आवळून ठेवणारी फाइलस्वरूपं तो जेमतेम नोंदवतात.

सबंध दिवस हेडफोन घालून बसणारी मी, पण नीट बनवलेल्या ६४च्या मोनो फाइलीतलं वाचन आणि त्याची मूळ प्रत यांतल्या फरकावर मला खात्रीने बोट ठेवता येत नाही. ३२वर मात्र ठेवता येतं. तिथे पहिला बळी जातो ‘स’चा. ‘स’ची सळसळ बरीचशी चार हजार हर्ट्झच्या वर असते, ‘श’ची त्याहून खाली सुरू होते. म्हणून बिट कमी पडले की ‘श’ तग धरतो आणि ‘सोसाट्याचा’ हा शब्द दात नसलेल्या माणसाने उच्चारल्यासारखा येतो. ‘चाळ’मधला दंत्य च आणि ‘जुना’मधला ज यांची धारही बोथट होते. श्वासाला पत्र्यासारखी किनार येते. मुलाला ॲपच्या सेटिंगमध्ये डाउनलोडचा दर्जा कोणता निवडलाय ते पाहायला सांगा. जागा वाचवण्यासाठी पुष्कळदा खालचा निवडून ठेवलेला असतो.

तो वरचा निघाला आणि तरीही तुम्हाला सपाट वाटलं, तर मग मला खरा संशय येतो तो वेगळाच. तुमची सीडी आणि हे डाउनलोड एकाच ध्वनिमुद्रणातून निघाले असतील, पण दोन वेगवेगळ्या हातांनी तयार केलेले असतील. हल्ली ऑडिओबुक गाडीत, लोकलमध्ये, मिक्सर चालू असताना ऐकलं जातं. तेव्हा निर्मात्याला हळू बोललेलं वर आणि मोठ्याने बोललेलं खाली आणावं लागतं. ॲमेझॉनच्या एसीएक्स या निर्मितीमंचाची अट सांगते, म्हणजे अंदाज येईल : कमाल पातळी शून्य धरली तर सरासरी पातळी उणे २३ आणि उणे १८ डेसिबलच्या मध्ये, सर्वोच्च टोक उणे ३च्या खाली, मागची खरखर उणे ६०च्या खाली. मराठीत मी ज्यांच्यासाठी काम करते, तेही जवळपास असंच मागतात. अट वाईट नाही. पण घाईत पाळली की कुजबूज आणि आरडाओरडा एकाच उंचीचे होऊन बसतात. जुन्या सीडीवर कुजबूज ऐकायला तुम्हाला पुढे सरकून बसावं लागत असेल. डाउनलोडमध्ये ती आपणहून कानाशी येते. तुम्ही तिलाच सपाट म्हणताय, आणि बरोबर म्हणताय. फक्त हे पाप डाउनलोडच्या बिटांचं नाही, आमच्या जमातीचं आहे. हीच फाइल सीडीवर भरून दिली असती तरी ती इतकीच सपाट वाजली असती.

तेव्हा संच टाकू नका. तुमच्याकडचं मास्टरिंग, म्हणजे आवाजाची शेवटची जुळणी, आता बाजारात मिळेलच असं नाही.

प्रश्न : यात्रेत एक डिस्क घेतली. तिच्यावर ‘४० तास कीर्तन’ असं छापलंय. महाराजांचं बोलणं ठीक ऐकू येतं, पण टाळ वाजले की चुरचुर होते, काच फुटल्यासारखी. आम्ही तर ऐकलं होतं की डिस्कचा आवाज सर्वांत चांगला! — सोलापूर

उत्तर : ऐकलं होतं ते ऑडिओ सीडीविषयी. तिच्यात ७४ मिनिटं मावतात, फार ताणलं तर ८०. ज्या डिस्कवर ४० तास मावले ती नुसती फाइली ठेवायची तबकडी आहे. पिशवी बदलली, भाजी तीच.

हिशेब करून पाहा. सीडीवरची ७०० एमबी जागा भागिले ४० तास केले की सेकंदाला ३९ किलोबिटही हाती येत नाहीत, आणि त्यातही दोन कानांसाठी वाटणी केलेली असली तर एकाच्या वाट्याला वीससुद्धा नाहीत. त्यात बोलणं निभावलं, हेच विशेष.

टाळ-झांजांचं दुखणं मात्र खास आहे. एमपीथ्री आवाजाचे तुकडे पाडून एकेक तुकडा गुंडाळते. प्रत्येक तुकडा सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढा. टाळाचा ठोका तुकड्याच्या मध्यावर पडला तर त्याच्या काटछाटीतली चूक अख्ख्या तुकड्यावर पसरते, ठोक्याच्या आधीच्या शांततेवरसुद्धा. म्हणून टाळ वाजायच्या आधीच त्याची चुरचुर ऐकू येते. भरपूर बिट दिले तर यंत्र छोटे तुकडे पाडून हे सावरतं, ३९मध्ये त्याला ती चैन परवडत नाही. त्यातून झांजेचा आवाज म्हणजे वरच्या पट्टीतला घनदाट कल्लोळ. त्याच्यातलं काय ठेवायचं, काय वगळायचं हे ठरवताना कुठल्याही एन्कोडरला, म्हणजे आवाज आवळणाऱ्या यंत्राला, घाम फुटतो. एकट्या वाचकासाठी ६४ पुरे म्हटलं, ते कीर्तनाला लागू नाही. टाळ, मृदंग, पेटी आणि मागे धरणारे टाळकरी असले की १९२च्या खाली मी घेणार नाही. तीच कीर्तनं चांगल्या दर्जाची डाउनलोड मिळाली, तर ती या डिस्कहून कितीतरी सरस वाजतील.

जाता जाता एक सांगून ठेवते. ‘ऑडिओ सीडी’ म्हणून विकलेल्या काही तबकड्याही एमपीथ्रीवरूनच भरलेल्या असतात. प्लेअर त्या सीडी म्हणून वाजवतो, ७४ मिनिटंच मावतात, पण गेलेलं ते गेलेलंच. ऑडॅसिटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या, ट्रॅक उघडा आणि स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे खालपासून वरपर्यंतच्या स्वरांचं चित्र, पाहा. सोळा हजार हर्ट्झच्या आसपास कुणी सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली आणि वर सगळं काळं असलं, तर ती बहुधा १२८ची एमपीथ्री होती असं समजा. जुन्या कॅसेटवरून घेतलेल्या मुद्रणातही वरचं कमीच असतं, पण तिथे ते हळूहळू विरत जातं.

प्रश्न : नेट मंद असलं तर डाउनलोडचा आवाज खराब होतो का? — परभणी

उत्तर : नाही. फाइल उतरायला वेळ लागेल, एवढंच. उतरली की ती जशीच्या तशी असते. थेट ऐकताना, म्हणजे न उतरवता, काही ॲप नेट बघून दर्जा खाली आणतात. रात्री वायफायवर उतरवून ठेवा.

प्रश्न : वडिलांच्या संग्रहातली कथाकथनाची एक सीडी आहे, कार्यक्रम खूप जुना. वक्ता वाक्य सुरू करायच्या एक-दोन सेकंद आधी तेच वाक्य अगदी पुसट ऐकू येतं. भुताटकीच वाटते. त्याच कार्यक्रमाच्या डाउनलोडमध्ये हे नाही, पण तिथे प्रेक्षकांचं हसणंही मध्येच तुटतं. कोणतं अस्सल? — मडगाव

उत्तर : या गठ्ठ्यातलं माझं सर्वांत आवडतं पत्र. भूत आहे, आणि ते टेपवरचं आहे.

चुंबकीय टेप रिळावर गुंडाळली की तिचा एक वेढा दुसऱ्याला चिकटून वर्षानुवर्षं पडून राहतो. मोठ्याने बोललेलं वाक्य ज्या वेढ्यावर आहे, त्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यांवर किंचित उमटतं. टेप वाजवताना आधीचा वेढा आधी येतो, त्याच्यावर पुढच्या वाक्याचा ठसा, मग रीळ एक फेरा घेतं आणि खरं वाक्य येतं. तुम्हाला ऐकू येणारं अंतर म्हणजे त्या रिळाचा एक फेरा. जाणती मंडळी म्हणूनच टेप वाजवून झाल्यावर उलटी न गुंडाळता तशीच, शेवट बाहेर ठेवून, कपाटात ठेवत. मग जोरकस ठसा वाक्याच्या नंतर पडतो आणि वाक्याच्या नादातच लपून जातो. तुमच्या कार्यक्रमाची टेप सुरुवात बाहेर ठेवूनच पडून राहिली असावी. सीडी करणाऱ्याने टेपवर होतं ते मुकाट्याने उतरवून घेतलं, आणि माझ्या मते ते ठीकच केलं.

डाउनलोड करणाऱ्याने भूत काढायला गेट लावलंय. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की गेट दार बंद करतं. पुसट वाक्य त्यात अडकतं हे खरं, पण हास्याची ओसरती लाटही अडकते, आणि शेवटच्या रांगेतून एकटाच उशिरा हसणारा तो गृहस्थ तर साफ नाहीसा होतो. कथाकथनात सभागृह हे अर्धं पात्र असतं. वक्ता थांबतो तो त्या हशासाठीच, आणि हशा कापला की त्याचं थांबणं विनाकारण वाटायला लागतं. माझ्यापुढे दोन्ही ठेवले तर मी भुतासकट सीडी ऐकेन.

पण एवढ्यावरून डाउनलोड वाईट असं ठरवू नका. जुन्या मुद्रणांत मी एकच चौकशी करते : हे कशावरून घेतलंय आणि केव्हा? कॅसेटवरून सीडी करताना प्लेअरचं हेड, म्हणजे टेपवरून आवाज उचलणारा भाग, टेपशी काटकोनात नसेल, केसभर तिरपं असेल, तर वरचे स्वर मातीत जातात आणि आवाज चादरीआडून आल्यासारखा वाटतो. एका छोट्या स्क्रूने ते सरळ होतं. कित्येकांनी तेवढेही कष्ट घेतले नव्हते. आज कुणी मूळ रीळ शोधून, हेड जुळवून, नव्याने उतरवलं असेल, तर त्याचं साधं १२८चं डाउनलोड त्या जुन्या सीडीला सहज मागे टाकेल.

मडगावच्याच पत्रात शेवटी विचारलंय की डाउनलोडमध्ये वक्ता ‘पाण्यात बुडून बोलल्यासारखा’ का वाटतो. तीही सफाईचीच करामत. खरखर काढणारं सॉफ्टवेअर जोर करून चालवलं की आवाजाला बुडबुडे येतात. लोक ते एमपीथ्रीच्या नावावर खपवतात.

प्रश्न : मला दिसत नाही. पुस्तकं मी दुप्पट वेगाने ऐकतो, कधी त्याहून जास्त. मित्र म्हणतो सीडीवरून घेतलेलं घे, स्पष्ट असतं. फाइल कोणत्या दर्जाची घ्यावी? — लातूर

उत्तर : तुमच्या कानांपुढे माझे कान म्हणजे शिकाऊ. दुप्पट वेगात व्यंजनांना निम्मा वेळ मिळतो, आणि शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून. म्हणून इतरांना ६४ पुरतं तिथे तुम्ही मोनो १२८ घ्या, मिळत असेल तर. लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी वाचलेली, हक्कमुक्त झालेली पुस्तकं १२८च्या मोनो एमपीथ्रीत आहेत. बहुतेक इंग्रजी असली तरी सराव करायला उत्तम. फाइल ओपस स्वरूपात असेल तर ३२ही चालेल. ओपस २०१२ साली प्रमाणित झालं, आणि कमी बिटांत बोलणं सांभाळण्यात एमपीथ्री त्याच्या जवळपास येत नाही.

सीडीच्या मागे लागू नका. ऑडिओ सीडीवर जास्तीत जास्त ९९ ट्रॅक. कादंबरीच्या दहा-बारा तबकड्या होणार, आणि पान १४० शोधायचं तर चाचपडत बसायचं. त्यापेक्षा डेझी हे बोलक्या पुस्तकांचं स्वरूप तुमच्यासाठीच घडवलेलं आहे. प्रकरण, शीर्षक, पान अशा उड्या मारता येतात. २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात नाव नोंदवलं नसेल तर नोंदवा.

वेग वाढवताना होणारी खरखर बऱ्याचदा फाइलची नसते. वेग वाढवून पट्टी तीच ठेवायची तर ॲपला आवाजाचे बारीक तुकडे गाळून पुन्हा जोडावे लागतात. कुणाचा सांधा नीट बसतो, कुणाचा नाही. तीच फाइल दोन-तीन ॲपमध्ये, तुमच्या नेहमीच्या वेगाने ऐकून पाहा. हेडफोन वायरचा असू द्या. ब्लूटूथ आवाजाची आणखी एकदा काटछाट करतं, वर उशीर लागतो तो वेगळाच. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरताना तो उशीर नको होतो.

प्रश्न : ऑडिओबुकच्या सीडी अडकायला लागल्या आहेत. कुणी टूथपेस्टने घासायला सांगतं. घासू का? काही सीडी भावाने घरी भरलेल्या आहेत. — रत्नागिरी

उत्तर : आधी उतरवून घ्या, मग काय घासायचं ते घासा. सीडीवरचा ओरखडा दोन प्रकारचा. चकचकीत बाजूचा फारसा धोक्याचा नाही. तिथे सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचं प्लास्टिक आहे, लेझर त्याच्या पलीकडे पाहतो, आणि ट्रॅकवरची साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट प्लेअर हिशेबाने तंतोतंत भरून काढतो. त्यापुढे तो अंदाज बांधतो, आणि अंदाजही संपले की अडकतो. खरा जीव लेबलच्या बाजूला आहे. ॲल्युमिनियमचा पातळ थर लेबलच्या अगदी खाली, त्याच्यावर फक्त लाखेचा पातळ लेप. तिथे बॉलपेनने लिहू नका, आणि कोकणातल्या दमट हवेत सुटत चाललेली कागदी लेबलं ओढून काढू नका, थर सोबत निघतो. पुसायचं ते मधून काठाकडे, मऊ कापडाने. गोल गोल पुसलं तर नवा ओरखडा ट्रॅकच्याच दिशेने पडतो आणि त्याला प्लेअरचा हिशेब पुरत नाही.

भावाने भरलेल्या सीडी सर्वांत आधी घ्या. त्यांच्यात माहिती रंगाच्या थरात असते आणि तो रंग उजेडाने, उष्णतेने उडतो. खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या असतील तर आजच बसा. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे मोफत सॉफ्टवेअर एकेक जागा पुन्हा पुन्हा वाचून जुळवून पाहतं, आणि कुठे जमलं नाही ते सांगतं. साठवायचं फ्लॅकमध्ये. त्यात सीडीवरचा एक बिटही जात नाही, तरी जागा सीडीच्या निम्म्याहून कमी लागते, कारण वाचनात शांतता भरपूर. दहा तबकड्यांचा संच साध्या पेनड्राइव्हवर आरामात बसेल. फोनसाठी हवी तर त्यावरूनच ६४ची मोनो प्रत करा आणि फ्लॅक हलवू नका.

एखादी अगदीच वाचत नसेल तर टूथपेस्टआधी दुसरा ड्राइव्ह लावून बघा. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते. ओळखीतल्या कुणाच्या जुन्या डेस्कटॉपमधला धूळ खात पडलेला ड्राइव्ह मागून आणा. नव्या पातळ यूएसबी ड्राइव्हने नाकारलेल्या तबकड्या त्याने वाचलेल्या मी पाहिल्यात.